मागे चालणारा वर्ग

कालव्याला पाणी सुटलं आणि म्होरकीच्या घरातली झोप उडाली.

म्होरकी म्हणजे या घरातली सासू. भाताची रोपं लावणाऱ्या बायकांच्या टोळीची ती पुढारी. पण पुढे चालणारी पुढारी नव्हे. रोप लावणारीला मागेच सरावं लागतं. वाकायचं, रोप चिखलात टोचायचं, एक पाऊल मागे. लावलेलं आपल्याच पायाखाली येऊ नये म्हणून. उभा जन्म ती अशी मागे चालत आली होती आणि तिच्या पुढ्यात नेहमी हिरवं होत गेलं होतं.

खाचराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी ताणायची. दोरीच्या एका टोकाला म्होरकी, दुसऱ्या टोकाला सून, मध्ये बाकीच्या बायका. म्होरकीनं गाण्याची ओळ टाकायची, सुनेनं पलीकडून ती झेलायची, मग मधल्या बायकांनी उचलायची. दोन्ही टोकं एका तालात सरकली की ओळ सरळ. एक टोक चुकलं की सगळं खाचर तिरळं.

या हंगामात दुसरं टोक रिकामं होतं. सून शाळेत लागली होती.

शाळा लांब नव्हती. खाचराच्या बांधाला लागून पटांगण, पटांगणापलीकडे दोन खोल्या. मोठ्या खोलीत थोरले गुरुजी वरच्या पोरांना शिकवायचे. धाकट्या खोलीत पहिली-दुसरीची पिल्लावळ. आता पहिलीपासून इंग्रजी शिकवायचं असं वरून ठरलं, तेव्हा थोरल्या गुरुजींनी हात टेकले. "माझी जीभ आता नव्यानं वळायची नाही," म्हणाले. गावात बारावी झालेली बाई एकच, ती म्हणजे म्होरकीची सून. तिला शहरात प्रशिक्षणाला पाठवलं आणि धाकटी खोली तिच्या ताब्यात दिली. पण कच्ची नेमणूक. तपासणीला साहेब येतील, लहान पोरांचं इंग्रजी ऐकतील. जमलेलं दिसलं तर वर्ग राहील. नाही तर पोरं कालव्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील आणि बाई घरी.

"एक हंगाम," म्होरकी म्हणाली होती. "एक हंगाम मी टोक सांभाळते कसंतरी. तुझं जमलं तर जमलं. नाही जमलं तर दोरीला ये."

"चालेल, आई."

"चालेल काय, धावेल," सुनेचा नवरा कोपऱ्यातून म्हणाला. तो पंप दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांचं काळं कधी निघायचंच नाही. "माझ्या पंपालाही इंग्रजीच कळतं. आपल्या भाषेत कितीही शिव्या घातल्या तरी सुरू होत नाही."

"तुझ्या शिव्या पंपाला कळत नाहीत, शेजाऱ्यांना कळतात," म्होरकी म्हणाली, आणि गुडघ्यापर्यंत कपडे खोचून अंधुक उजेडात बाहेर पडली.

*

पहिले दिवस वाईट गेले. पुस्तकात चित्रं होती. एका पानावर बर्फाचं घर होतं.

"इग्लू," सून म्हणाली. "म्हणा, इग्लू."

"इग्लू," वर्ग म्हणाला.

"बाई," मागच्या पोरानं विचारलं, "आत चूल पेटवली तर?"

त्याचं उत्तर प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. मग चुलीचं काय होईल, माणसं कुठे जातील, भिंत वितळल्यावर भांडी वाहून जातील का, यावर वर्ग भरभरून बोलला. सगळं आपल्या भाषेत. पुन्हा इंग्रजीवर आली की माना खाली. मुंगी तर बोलायचीच नाही. वर्गातली सगळ्यांत बारकी पोरगी, म्हणून मुंगी. तिला उभं केलं की ती आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसायची, जणू शब्द तिथेच कुठे तरी पडलाय.

प्रशिक्षणातल्या मॅडमनी सांगितलं होतं, लहान मूल शब्द कानानं शिकत नाही, अंगानं शिकतं. आधी अंग, मग तोंड, वही सगळ्यांत शेवटी. 'जंप' म्हणा आणि उडी मारा. सुनेनं उड्या मारल्या. पोरंही उड्या मारून हसली आणि उड्याच मारत राहिली. शब्द खाली सांडले.

एके सकाळी पलीकडच्या खाचरात टोळी उतरली. खिडकीतून म्होरकीची ओळ आली, चिखलातून पाय उपसावा तशी, सावकाश:

*मागे मागे चाल बाई, पुढे हिरवं गं रान,*
*माझ्या पाठीच्या कण्याला त्याच्यासाठी गं कमान.*

सगळ्या पोरांचे कान तिकडे वळले. निम्म्या पोरांच्या आया त्या दोरीवर होत्या. सुनेनं पुस्तक मिटलं.

"चला बाहेर."

पटांगणात तिनं दोरी ताणली. पोरांना सांगावं लागलं नाही. ती दोरीला लागली, कमरेत वाकली, हातात नसलेल्या रोपांची मूठ धरली. हा खेळ त्यांनी चालायला लागल्यापासून खेळलेला.

"आय बेंड," सून म्हणाली आणि वाकली.

"आय बेंड."

"आय प्लांट."

"आय प्लांट."

"आय गो बॅक."

पावलं एकदम मागे पडली. पलीकडून येणाऱ्या गाण्याचा ताल आणि हे शब्द एकात एक बसले. दुसऱ्या फेरीला सुनेनं नुसतं तोंड उघडलं आणि शब्द पोरांनीच टाकले. टोकाला मुंगी होती. तिचा आवाज सुनेनं पहिल्यांदा ऐकला. बारीक नव्हताच तो. चांगला खणखणीत होता.

मग रोज पटांगण. "धिस इज मड. धिस इज वॉटर. माय हँड इज वेट." एक वाक्य, एक पाऊल मागे. पोरं पटांगण संपेपर्यंत इंग्रजी बोलत जायची आणि पाठ भिंतीला टेकली की थांबायची. आंब्याच्या रोपट्यावर, हौदावर, एकदा तर थोरल्या गुरुजींवर त्यांची पाठ जाऊन आदळली.

थोरले गुरुजी विजारीवरची धूळ झटकत म्हणाले, "बाई, ही शाळा आहे का खाचर?"

"दोन्ही, गुरुजी."

गुरुजी हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "आया पोरांना शाळेत घालतात ते वाकायला लागू नये म्हणून. तुम्ही त्यांना इंग्रजीत वाकायला शिकवताय."

सून पोरांकडे वळली. तेवढ्यात पोरांनी पुढचं वाक्य म्हटलं, बिनचूक, सगळ्यांनी एकदम. तिनं त्या आवाजातच आपलं समाधान करून घेतलं.

*

दुसरं टोक म्होरकीनं मुंगीच्या आईला दिलं होतं. मुंगीच्या आईचे हात चलाख, पण कान तालाला कच्चा. ओळ झेलायच्या जागी ती अर्धा श्वास उशिरा यायची, आणि तेवढ्या उशिरानं तिचं टोक मागे राहायचं. दुपारपर्यंत मोठ्या खाचरातल्या ओळी पाण्यात पडलेल्या केसासारख्या वळल्या.

शेतवाला बांधावर आला. तो ओरडणारा माणूस नव्हता. त्यानं चपला काढल्या, बांधावर उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्होरकी," तो म्हणाला, "हे तुझं काम?"

"माझंच."

"इथून तिथपर्यंत उपट. पुन्हा लाव. कालव्याचं पाणी बंद व्हायच्या आत झालं पाहिजे. आणि पुढच्या वेळी मला सांग, टोळी पुरत नसेल तर मी दुसरी बघतो."

हे सगळं पटांगणातून दिसत होतं. पोरं दोरीला होती, 'आय प्लांट' म्हणून वाकलेली, आणि कुंपणापलीकडे त्यांच्या आया आपण लावलेली रोपं उपटून मुठीत गोळा करत होत्या. मुंगीची आई हातातली मूठ कुठे ठेवावी हे न कळून तशीच उभी होती. म्होरकी तिच्याकडे गेली, मूठ काढून घेतली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला खाली वाकवलं.

सुनेला वाटलं, कुंपणावरून उडी टाकावी. दोन तासांचं काम होतं तिच्या टोकाला. पण वर्ग चालू होता. तिनं दोरी सोडवली आणि पोरांची तोंडं दुसऱ्या बाजूला होतील अशी ताणली.

मुंगी मान वळवून बघतच राहिली.

संध्याकाळी सुनेनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि सासूच्या पुढ्यात बसली.

"पाय द्या."

"नको. वास येतो चिखलाचा."

"द्या हो."

पाय पांढरे पडले होते, पाण्यात राहिलेल्या लाकडासारखे. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली. टाचेच्या भेगांत चिखल बसला होता; तो सुनेनं काडीनं, हलक्या हातानं काढला. म्होरकीनं डोळे मिटले होते. दुखलं की तिच्या अंगठ्याला नुसती लहर यायची.

"उद्या मी रजा काढते, आई."

"काढू नकोस."

"ओळी..."

"रोपाला काय ठाऊक ओळ. ते येतं वर."

"शेतवाल्याला ठाऊक आहे ना."

"मी बोलले ना, एक हंगाम? बोलले ते बोलले." मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "मुंगीची आई चांगली आहे गं. पण तिला ओळ दिली की ती आधी हातात धरून बघते, मग गाते. तू न बघता झेलायचीस."

सुनेनं टाचेला तेल लावलं. "आणि शाळेचं नाहीच जमलं तर?"

"तर तुझं टोक आहेच. ते कुठे जातंय?"

म्होरकीनं हे सहज म्हटलं. पण त्या 'आहेच'मध्ये तिला लपवता न आलेलं काही तरी होतं, आणि ते दोघींनाही ऐकू आलं. म्होरकीनं पाय ओढून घेतला. "पुरे. आता उद्या चिखल मला ओळखायचा नाही."

*

तपासणीचे साहेब आले तेव्हा लावणी संपत आली होती. वयस्क, हसतमुख गृहस्थ. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून मान उजवीकडून पुढे करून ऐकायचे.

पोरं नव्या चादरीवर ओळीनं मांडी घालून बसली होती. साहेबांनी स्वतःचा हात वर केला. "व्हॉट इज धिस?"

पोरांनी हाताकडे बघितलं. मग बाईंकडे.

"धिस इज...?" साहेबांनी सुरुवात करून दिली.

एका पोराचे ओठ हलले आणि थांबले. मुंगीनं मान खाली घातली आणि अंगठे बघायला लागली. हाच प्रश्न, हेच उत्तर, पोरं झोपेत म्हणाली असती. सुनेनं प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. शब्द सगळ्यांच्या तोंडात होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ही पोरं बसून इंग्रजी कधी बोललेलीच नाहीत. एकदाही नाही. बसलेल्या अंगाला ते येतच नव्हतं.

"साहेब, पटांगणात चला थोडं."

पटांगणात दोरी ताणली. साहेब दोरीच्या अलीकडे, पोरांच्या समोर. "व्हॉट इज धिस?" त्यांनी पुन्हा हात वर केला.

"धिस इज युवर हँड!" सगळी पोरं खणखणीत बोलली आणि एक पाऊल मागे गेली.

साहेबांचा चेहरा उजळला. ते एक पाऊल पुढे आले. "अँड धिस?"

"धिस इज युवर नोज!" पोरं मागे.

साहेब पुढे. "व्हेअर इज द वॉटर?"

"वॉटर इज इन द टँक!" पोरं मागे. आता साहेबांना नीट ऐकू येईना. त्यांनी मान पुढे केली, पावलं उचलली. जितके ते जवळ आले तितकी पोरं प्रत्येक वाक्याला लांब गेली. साहेब भरभर, मग जवळजवळ धावत. शेवटी पोरांच्या पाठी भिंतीला टेकल्या आणि ती एकदम मुकी झाली. साहेब धापा टाकत त्यांच्यासमोर उभे राहिले. खिडकीतून थोरले गुरुजी बघत होते. त्यांनी रुमाल तोंडाला लावला होता.

साहेब चिडले नाहीत. बाकावर बसून त्यांनी घाम पुसला.

"बाई, यांना येतं," ते म्हणाले. "पण माझ्याशी बोलताना ही माझ्यापासून लांब का जातात?"

सुनेनं खाचराकडे हात केला. पलीकडे शेवटची ओळ चालली होती. बायका वाकून मागे, मागे. साहेबांनी मान तिकडे वळवली.

"कळलं," ते म्हणाले. "पण मी काय कळवू वर? वर्ग बोलतो, पण पाठ भिंतीला लागेपर्यंतच? बोलणं म्हणजे दुसऱ्याकडे जाणं असतं, बाई." ते उठले. "निंदणी चालू असेपर्यंत मी पुन्हा येईन. तेव्हा मी एका जागी उभा राहणार. या वयात मला पळवू नका."

रात्री जेवताना सुनेनं तपासणीचं सगळं सांगितलं. नवऱ्यानं भाताचा घास घेतला. "म्हणजे गाडी चांगली आहे, फक्त एकच गिअर आहे. मागचा."

"हसू नका हो."

"मी कुठे हसतोय. माझ्या गाडीला पुढचे गिअर आहेत, पण गाडी कुठे चालतेय?"

म्होरकी ताटाकडे बघत म्हणाली, "उद्या सुट्टी आहे ना शाळेला? निंदायला ये. हात मोकळे होतील."

*

आधी लावलेल्या खाचरात रोपं धरली होती. त्यांच्यात तणही धरलं होतं, तितकंच हिरवं. निंदताना मात्र मागे जायचं नसतं. निम्म्या बायका या बांधावरून, निम्म्या त्या बांधावरून शिरायच्या आणि तण उपटत समोरासमोर पुढे यायच्या. खाचराच्या मध्यात भेटायच्या.

सून पलीकडच्या बांधावरून शिरली. घोट्यापर्यंत पाणी कोमट होतं, तळाशी चिखल गार. बोटं रोपाच्या बुडाशी गेली आणि त्यांना सगळं आठवलं. समोर, लांब, म्होरकीचं वाकलेलं अंग. तिकडून प्रश्न आला:

*हिरव्यात हिरवं गं, कसं ओळखू मी तण?*

सुनेनं न बघता झेललं:

*रोप वाऱ्याला वाकतं, तण ताठ ठेवी मान.*

म्होरकीचा आवाज त्या दिवशी कधी नव्हता असा मोकळा लागला होता. ती प्रश्नामागून प्रश्न टाकत होती, जुने, नवे, तिथल्या तिथे रचलेले. "ही खुशीत आलीये," कोणी तरी कुजबुजलं. "सून मिळाली ना परत."

*दमलीस का गं साजणी, ऊन डोईवर आलं?*

*दमेन मी कशी बाई, रोप नजरेत भरलं.*

मग मुंगीच्या आईनंही हिंमत केली. तिनं आपल्या बेसुर आवाजात समोरच्या रांगेला विचारलं, की पहाटे कोणाच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि भांड्यामागून कोण पळालं. जिच्या घरातून आला ती समोरच होती. ती ताडकन उभी राहिली, हातात तण, आणि तिनं असं उत्तर दिलं की बायका चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. "माझाच होता गं नवरा, शेजारचा नव्हता, नीट बघत जा!"

सून हसता हसता थांबली. ठरलेल्या प्रश्नाला बायका वाकूनच उत्तर देत होत्या. पण जो प्रश्न खरा होता, ज्याचं उत्तर विचारणारीला खरंच ठाऊक नव्हतं, त्याला मान वर झाली होती. दोन्ही रांगा उत्तर ऐकायला चार पावलं भरभर पुढे आल्या होत्या. मध्ये तण राहून गेलं होतं.

"काय गं?" म्होरकीनं लांबून विचारलं.

"काही नाही, आई."

पण म्होरकीनं तिचा चेहरा बघितला. पुढची ओळ तिनं थोडी थांबून टाकली.

*

सोमवारी सुनेनं पटांगणात पोरांच्या दोन रांगा समोरासमोर केल्या.

"विचारा."

"हाऊ आर यू?" या रांगेनं विचारलं आणि पाऊल मागे घेतलं.

"आय अॅम फाइन," त्या रांगेनं सांगितलं आणि तीही मागे गेली. दोन-चार प्रश्नांत एक रांग हौदाला आणि दुसरी कुंपणाला लागली. मधल्या मोकळ्या पटांगणावरून पोरं एकमेकांना घसा ताणून खुशाली विचारू लागली.

खिडकीतून थोरले गुरुजी म्हणाले, "आता कालवा ओलांडून बोलतील."

सुनेनं पोरांना सांगितलं, कुठे तरी जाऊन मुठीत काही तरी लपवून आणा. कोणाला दाखवायचं नाही. पोरं पांगली, आली. मुठी घट्ट, चेहरे त्याहून घट्ट.

"व्हॉट इज इन युवर हँड?"

"धिस इज..." आणि मूठ किंचित उघडली. लांबून दिसेना. विचारणारं पोर एक पाऊल पुढे आलं. मग आणखी एक. कोणाच्या मुठीत पीस, कोणाच्या मेलेला भुंगा, एकाच्या मुठीत त्याचाच काल पडलेला दात. त्याच्याभोवती सगळा वर्ग गोळा झाला. शब्द अडले तिथे पोरं तिच्याकडे धावत आली. "बाई, दाताला काय? बाई, मेलेला असेल तर?" इंग्रजी शब्द पहिल्यांदाच कोणी तिच्याकडे मागायला येत होतं.

मागे सरायची खोड हळूहळू सुटली. पहिले काही दिवस पाय सवयीनं मागे जायचे आणि डोळे पुढे ओढायचे. पोरं जागच्या जागी डुलायची. थोरल्या गुरुजींना कोणी तरी विचारलं, "व्हॉट इज इन युवर पॉकेट?" त्यांच्या खिशात पेपरमिंट निघाली. दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग गुरुजींनाच प्रश्न विचारायला लागला, आणि ज्यांची जीभ वळणार नव्हती ते गुरुजी "धिस इज फिनिश्ड, गो, गो" म्हणायला शिकले.

आयांच्या गाण्यातला प्रश्नही सुनेनं घेतला. "आर यू टायर्ड?" उत्तर पोरांनीच ठरवलं, "नो. आय अॅम नॉट टायर्ड." त्यांनी दुसरं उत्तर कधी ऐकलंच नव्हतं.

मुंगी मात्र पुढे येत नव्हती. तिची मूठ बंद असायची. विचारलं तर तिथूनच, कुंपणाला पाठ लावून, बरोबर उत्तर द्यायची. आईला रोपं उपटताना बघितल्यापासून ती कुंपणापाशीच घुटमळायची. सून तिला ओढायला गेली नाही. शेजारी जाऊन उभी राहायची. पलीकडे मुंगीची आई वाकलेली दिसायची, आणि दोघी मिळून तिच्याकडे बघायच्या.

*

साहेब कळवून आले नाहीत. कालव्यावरचा पूल उखडला होता, म्हणून भरावावरून लांबचा वळसा घालून, उन्हातून चालत आले. पोरं पटांगणात रांगा करून होती. साहेब कुंपणाच्या फाटकापाशी येऊन थांबले, एका हातानं खांब धरून. बोलल्याप्रमाणे एका जागी.

सुनेनं त्यांना बघितलं. काय विचारायचं हे पोरांना सांगावं असं तिच्या ओठांवर आलं, आणि तिनं ते आवरलं.

रांगा थबकल्या. पोरांनी साहेबांना ओळखलं होतं. दोन-तीन पाय मागे गेले. फाटकाला सगळ्यांत जवळ, कुंपणाला टेकलेली, मुंगी होती. तिनं साहेबांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. धुळीनं भरलेले बूट. भिजलेला सदरा. खांबावर टाकलेला सगळा भार.

मुंगीनं पाठ कुंपणापासून सोडवली. चालत त्यांच्यापुढे गेली आणि मान वर करून विचारलं, "आर यू टायर्ड?"

साहेबांनी उजवा कान पुढे केला. तिनं आणखी एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा विचारलं.

"येस," साहेब म्हणाले. "येस. आय अॅम टायर्ड."

या उत्तराला पुढचं वाक्य नव्हतं. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी म्हटलं नव्हतं. मुंगीनं अंगठ्यांकडे बघितलं. सुनेला वाटलं, संपलं. मग मुंगीनं साहेबांचं बोट धरलं आणि त्यांना पायरीकडे घेऊन गेली.

"सिट," ती म्हणाली.

साहेब बसले.

"सिट हिअर. आय गिव्ह यू वॉटर." आणि हौदाकडे पळाली.

तोवर बाकीची पोरं भोवती जमली होती. कोणी विचारलं बूट जड आहेत का, कोणी विचारलं खिशात काय आहे. साहेब एकेकाला उत्तर देत होते, कान वळवत होते. मुंगीनं आणलेलं पाणी त्यांनी एका दमात प्यायलं. निम्मं तिच्या पळण्यात सांडलं होतं.

"आज तपासणी माझीच झाली म्हणायची," ते सुनेला म्हणाले. "राहू दे वर्ग. मी कळवतो. पक्कं करायला सांगतो."

थोरले गुरुजी दारात उभे होते. त्यांनी खिशातली पेपरमिंट काढून मुंगीला दिली.

*

मधल्या सुट्टीत सून बांधावर गेली. शेवटचं खाचर निंदायचं राहिलं होतं. म्होरकी टोकाला वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही.

"राहिला का वर्ग?"

"राहिला."

"बरं झालं." बोटांनी रोपाभोवतालचं तण खुडलं, झटकलं, मागे टाकलं. "बरं झालं, पोरी. साहेब जेवले का काही?"

"गुरुजींनी डबा दिला त्यांना."

"हं."

म्होरकी सरळ उभी राहिली. कमरेवर मागून दोन्ही हात ठेवून. सुनेकडे बघून हसली. ते हसू चेहऱ्यावर यायला जरा वेळ लागला, पण आल्यावर खरं होतं. तिनं ओला हात सुनेच्या गालाला लावायला उचलला आणि चिखल बघून खाली घेतला. सुनेनंच तो धरून गालाला लावला.

"आता शाळेत असं तोंड घेऊन जाशील?"

"जाईन."

"जा मग. पोरं वाट बघत असतील." आणि खाचराच्या मध्याकडे वळून म्होरकीनं हाक मारली, "मुंगीच्या आई, इकडे ये. टोकाला ये गं. आजपासून तू इथली, कायमची."

मुंगीची आई चिखल तुडवत आली, घाबरून, हात कपड्यांना पुसत. म्होरकीनं तिला आपल्या समोरच्या बांधावर उभं केलं. सुनेच्या जागी. "मी टाकते. तू धरून बघू नकोस. आली तशी घे."

सून बांधावरून निघाली. मागून म्होरकीची ओळ आली:

*दमलीस का गं साजणी, ऊन डोईवर आलं?*

सुनेचं तोंड उघडलं. ओळ जिभेवर येऊन बसली होती. ती बांधावर थांबली, ओठ मिटले, आणि वाट बघत राहिली.

पलीकडून मुंगीच्या आईचा आवाज उशिरा आला, चढा, भलत्याच जागी. बायका हसल्या. ती स्वतःही हसली. म्होरकी हसली नाही. तिनं तीच ओळ पुन्हा टाकली, थोडी सावकाश. पुन्हा उशीर झाला, पण कमी. तिनं तिसऱ्यांदा टाकली.

या वेळी ती झेलली गेली. मग सून शाळेकडे चालू लागली.